निर्वासितांसाठी स्वयंसेवक तयार करताना : हात कुठे आखडायचा, ते आधी शिकवा

प्रश्न थोडक्यात असा आहे : येत्या दोन-तीन महिन्यांत एका भागात काही निर्वासित कुटुंबे राहायला येणार आहेत. लोकप्रतिनिधी, मुख्याध्यापक, प्रार्थनास्थळांचे विश्वस्त आणि तीसेक हौशी स्वयंसेवक तयारीत आहेत. या सगळ्यांना काय शिकवायचे, किती वेळात शिकवायचे, आणि दोन दिवसांचे एक शिबिर पुरेल का?

पुरणार नाही. दोन दिवसांच्या शिबिरातून माणसे भारावून बाहेर पडतात आणि सोबत एक जाडजूड फाइल घेऊन जातात. तीन आठवड्यांनी रात्री नऊ वाजता निर्वासित कुटुंबाच्या घरातून फोन येतो तेव्हा ती फाइल कोणी उघडत नाही. शिवाय पुढारी आणि स्वयंसेवक यांना एकाच वर्गात बसवण्यात फारसा अर्थ नाही. एकाला शेजाऱ्यांच्या रागाला सामोरे जायचे आहे, तर दुसऱ्याला दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे आहे. पहिला एक तास एकत्र ठेवा आणि नंतर दोन वर्ग करा.

मदत कशी करावी हे या लोकांना बऱ्यापैकी येत असते. कुठे थांबावे हे येत नाही, आणि नुकसान बहुतेक तिथेच होते. म्हणून खालचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम हात आखडण्याचा आहे.

आधी निवड, मग वर्ग

जो येईल त्याला घेतले तर पुढचे प्रशिक्षण वाया जाते. प्रत्येकाशी अर्धा तास स्वतंत्र बोला, दोन ओळखीच्या माणसांकडून लेखी अभिप्राय घ्या आणि देशात सोय असेल तर पोलीस पडताळणी करून घ्या. मुलांशी संबंध येणाऱ्या कामात पडताळणीशिवाय कोणालाही पाठवू नका. माणूस कितीही प्रतिष्ठित असला तरी नाही. मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारावा : ‘तुम्ही खटपट करून शोधून दिलेली नोकरी त्यांनी नाकारली तर काय कराल?’ ‘कारण विचारीन, नाही सांगितले तरी चालेल’ असे म्हणणारा चालतो. ‘मग मी कशाला राबतोय?’ असे म्हणणाऱ्याला घराघरात पाठवू नका. फर्निचर हलवणे, गाडी चालवणे, हिशेब ठेवणे अशी कामे त्याला द्या. ती कामेही लागतातच, आणि अशी माणसे ती चोख करतात.

आचारसंहितेवर सही पहिल्या दिवशीच घ्यावी. तिचा गाभा नव्याने लिहायची गरज नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासितांचे मदत देणाऱ्यांकडूनच लैंगिक शोषण होत असल्याचे २००२ मध्ये उघड झाले. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी काढलेल्या परिपत्रकात नियम स्पष्ट आहेत : १८ वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध पूर्णपणे बंद, मग स्थानिक कायद्यातले संमतीचे वय काहीही असो, पैसा, काम, वस्तू किंवा मदत यांच्या मोबदल्यात संबंध बंद, संशय आला तर कळवणे बंधनकारक. वर्गात हे मोठ्याने वाचा. लोक अवघडतात, खाली बघतात. तरीही वाचा. तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि फोन नंबर कुटुंबाच्या भाषेत छापून द्या, आणि तो माणूस गटाबाहेरचा असू द्या. गटप्रमुखाविरुद्धची तक्रार गटप्रमुखाकडेच जाणार असेल तर ती कोणी करत नाही.

वेळेची मांडणी

अडीच तासांचे सहा वर्ग, म्हणजे एकूण पंधरा तास. त्यातले चार कुटुंबे येण्याआधी, आठवड्याला एक. पाचवा ती आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आणि सहावा आठव्या आठवड्यात. शेवटचे दोन मागे ठेवण्याचे कारण साधे आहे : माणसे येण्यापूर्वी स्वयंसेवक कल्पनेतल्या निर्वासिताबद्दल प्रश्न विचारतात आणि आल्यानंतर खऱ्या कुटुंबाबद्दल. मर्यादा पाळण्याचा धडा दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवरच बसतो.

एका वर्गात १२ ते १६ जण ठेवा. विसाच्या वर गेले की रोल प्लेमध्ये निम्मे प्रेक्षक होतात. तीस स्वयंसेवक असतील तर दोन तुकड्या करा. प्रत्येक वर्गात निम्मा वेळ सरावाला जायला हवा. व्याख्यान सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नको.

एक गोष्ट मात्र करू नका : ‘पाच मिनिटांत घर सोडा, पिशवीत काय घ्याल?’ असले खेळ. वर्गात कोणी स्वतः पळून आलेला असू शकतो, आणि ज्यांनी ते भोगलेले नाही त्यांच्यात यातून फक्त कीव तयार होते. त्याचप्रमाणे एखाद्या निर्वासिताला ‘तुमची कहाणी सांगा’ म्हणून व्यासपीठावर बसवू नका. बोलवायचेच असेल तर रीतसर मानधन द्या आणि विषय वेगळा ठेवा : पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या मदतीचा उपयोग झाला आणि कोणत्या मदतीने त्रास झाला. यावर त्यांच्याइतके जाणकार दुसरे कोणी नसते.

पहिला वर्ग : कागद

निर्वासित, आश्रयासाठी अर्ज केलेला, देशांतर्गत विस्थापित, राज्यविहीन (कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेला) आणि स्थलांतरित या पाच शब्दांतला फरक प्रत्येकाला सांगता आला पाहिजे. १९५१ च्या निर्वासित करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची सार्थ भीती असलेला आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे निर्वासित. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या प्रोटोकॉलने ती मर्यादा काढली. नुसते युद्ध या पाच कारणांत बसत नाही. आफ्रिकेसाठीचा १९६९ चा करार आणि लॅटिन अमेरिकेतला १९८४ चा कार्टाहेना जाहीरनामा यांनी व्याख्या रुंदावली ती त्यामुळेच. कलम ३३ सर्वांनी लक्षात ठेवावे : जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे माणसाला परत धाडायचे नाही. भारतासारख्या काही देशांनी करारावर सही केलेली नाही, आणि तिथे सगळे देशाच्या आपल्या कायद्यावर ठरते. म्हणून दुसऱ्या देशातले पत्रक उचलून वाटणे धोक्याचे आहे.

हे कायद्याचे ज्ञान मिरवायला नव्हे, एक तक्ता करायला लागते. डावीकडे आपल्या देशात मिळणारे कागदांचे प्रकार लिहायचे, आणि वर काम, शाळा, दवाखाना, बँक खाते, प्रवास, कुटुंबाला बोलावणे हे रकाने. प्रत्येक चौकटीत हो, नाही किंवा अट. तो वकिलाकडून तपासून घ्या, तारीख टाका आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. ज्याला काम करण्याची परवानगी नाही त्याला प्रेमापोटी ‘थोडे काम’ मिळवून देणारा स्वयंसेवक त्याचा आश्रयाचा अर्जच अडचणीत आणतो.

दुसरी मर्यादा कायदेशीर सल्ल्याची. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्थलांतराबाबत कायदेशीर सल्ला देणे गुन्हा आहे. आणखीही काही देशांत असे निर्बंध आहेत. फॉर्मवर पत्ता लिहायला मदत करणे चालते. ‘पळून येण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहावे हे सुचवणे चालत नाही. इथे चांगल्या माणसांकडून मोठा घोळ होतो. निवेदन ‘जरा नीट’ करून द्यायला जातात, तारखा गुळगुळीत करतात, भावना चढवतात. पुढे मुलाखतीत माणूस स्वतःच्या शब्दांत वेगळे बोलतो आणि त्या विसंगतीवरून तो खोटा ठरतो. मुदतींचे मात्र स्वयंसेवकाने जरूर बघावे. अमेरिकेत आश्रयाचा अर्ज साधारणपणे देशात पोचल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. इतरत्र अपिलाच्या मुदती काही दिवसांच्याही असतात. घरी आलेले सरकारी पाकीट त्याच दिवशी उघडायचे आणि त्यातली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, ही सवय पहिल्या आठवड्यात लागली पाहिजे.

नावाचे लिप्यंतर हा दिसायला क्षुल्लक, पण वर्षानुवर्षे छळणारा प्रकार. पहिल्या कागदावर जे स्पेलिंग पडते ते बँक, शाळा, दवाखाना सगळीकडे पसरते. मध्येच कोणी ‘बरोबर’ करून टाकले की दोन माणसे तयार होतात. ओळखपत्रावर जसे आहे तसेच सगळीकडे लिहायचे आणि दुरुस्ती हवी असेल तर आधी मुख्य कागदावर करून घ्यायची. अनेकांना एकच नाव असते, आडनाव नसते. जन्मतारीख माहीत नसेल तर नोंदीत १ जानेवारी टाकली जाते, म्हणून एकाच घरातल्या चौघांचा वाढदिवस एकाच दिवशी दिसला तर घाबरू नका. अफगाण माणूस सौर हिजरी वर्ष सांगतो. त्यातले १३७० म्हणजे १९९१-९२. इथिओपियाचे वर्ष सात-आठ वर्षांनी मागे असते आणि तिथे दिवसाचे तास सकाळी उजाडल्यापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे ‘तीन’ म्हणजे आपले सकाळचे नऊ. चुकलेल्या भेटींपैकी काही केवळ यामुळे चुकतात. वेळ अंकांत लिहा, शेजारी घड्याळाचे चित्र काढा आणि सकाळ की दुपार हेही लिहा.

दुसरा वर्ग : ऐकणे

जागतिक आरोग्य संघटना, वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन इंटरनॅशनल यांनी २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिची तीन पावले सामान्य माणसाला पेलण्यासारखी आहेत : बघा, ऐका, जोडून द्या. सुरक्षितता आणि तातडीची गरज बघायची, माणूस जेवढे बोलेल तेवढेच ऐकायचे, आणि योग्य सेवेशी किंवा नातलगांशी गाठ घालून द्यायची. हा समुपदेशनाचा अभ्यासक्रम नाही, हे वर्गात दोनदा सांगा. ‘मन मोकळे केले की हलके वाटते’ या समजुतीने लोक खोदखोदून विचारतात. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे बोलून घेण्याची जी पद्धत पूर्वी रूढ होती, तिचा उपयोग होत नसल्याचे अभ्यासांत दिसले आणि आता ती करू नये असेच सांगितले जाते.

सराव तिघांचा. एक बोलतो, एक ऐकतो, तिसरा ऐकणाऱ्याने विचारलेले प्रश्न मोजतो. विषय साधा ठेवा : हरवलेले सामान, चुकलेली गाडी. पाच मिनिटांत बहुतेक जण आठ-दहा प्रश्न विचारतात, त्यातले निम्मे स्वतःच्या कुतूहलापोटी. पुन्हा पाच मिनिटे, या वेळी जास्तीत जास्त दोन प्रश्न. शांतता सोसत नाही हे लोकांना तेव्हा कळते.

त्रास कसा दिसतो हेही सांगावे लागते, कारण तो रडण्यात दिसेलच असे नाही. झोप न लागणे, पोटदुखी, डोकेदुखी, विसरणे, लहानशा कारणाने भडकणे, ठरलेल्या भेटीला न येणे. दोनदा भेट चुकवली की स्वयंसेवक ‘किंमत नाही यांना’ असे बोलू लागतो. त्याच क्षणी त्याला ही यादी आठवली पाहिजे. जीव देण्याचे बोलणे, खाणेपिणे सोडणे, मुलांकडे लक्ष देता न येणे, घरात मारहाण यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे. कोणाला फोन करायचा ते नाव आधीच ठरलेले हवे. कोणालाही सांगू नका असे माणसाने बजावले तर? जिवाला धोका किंवा मुलाला इजा असेल तर गुप्तता राखता येत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेले असावे. नंतर सांगितले तर तो विश्वासघात वाटतो.

तिसरा वर्ग : दुभाषा

या वर्गाला प्रशिक्षक सहसा वीस मिनिटे देतात. पूर्ण अडीच तास द्या.

मुलांना दुभाषा करायचे नाही. दवाखान्यात तर कधीच नाही. आईचे गर्भाशयाचे दुखणे किंवा वडिलांची भीती दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगवणे हे मुलावर ओझे आहे, आणि भाषांतर चुकते ते वेगळेच. नवऱ्याला बायकोचा दुभाषा करू नका. घरात हिंसा असेल तर ती कधीच बाहेर येणार नाही.

दुभाषा ठरवताना भाषेचे नुसते नाव पुरत नाही. अरबी म्हटले तरी सुदानची आणि सीरियाची बोली वेगळी. कुर्दी म्हटले तर कुर्मांजी की सोरानी हे विचारावे लागते. शिवाय तो माणूस संघर्षातल्या विरुद्ध गटाचा आहे का, त्याच छोट्या समाजातला ओळखीचा आहे का, स्त्रीला पुरुष दुभाषा चालेल का, हे कुटुंबाला एकांतात विचारा. समाज लहान असेल तर शेजारच्या माणसापेक्षा दूरच्या शहरातला फोनवरचा दुभाषा बरा.

बैठकीची पद्धत अशी. आधी पाच मिनिटे दुभाष्याला विषय सांगा. बसताना त्रिकोण करा, पण नजर आणि बोलणे कुटुंबाशी ठेवा. ‘त्यांना विचारा की…’ असे म्हणायचे नाही. थेट ‘तुम्हाला…’ म्हणायचे. एका वेळी दोन वाक्ये, मग थांबा. म्हणी, विनोद, संक्षेप टाळा. वेळ नेहमीच्या दुप्पट धरा. शेवटी ‘समजले ना?’ असे विचारू नका, उत्तर हमखास ‘हो’ येते. ‘आता उद्या तुम्ही कुठे आणि किती वाजता जाणार?’ असे विचारा. तुम्ही एक ओळ बोललात आणि दुभाषा दोन मिनिटे बोलला, किंवा उलट झाले, तर नम्रपणे थांबवून काय बोलणे झाले ते विचारा. फोनवरच्या भाषांतर ॲपवर बस किती वाजता हे चालेल. औषधाचा डोस, संमतीपत्र आणि कायद्याचा कागद नाही.

चौथा वर्ग : पैसा, किल्ली, फोटो

नियम कडक आणि मोजके ठेवा. वैयक्तिक उसने द्यायचे नाहीत. घरभाड्याच्या करारावर जामीन राहायचे नाही. गटाचा खर्च दोन सह्यांनी. बँकेच्या कार्डाचा पिन विचारायचा नाही; कुटुंबाने आपणहून सांगितला तर लगेच बदलायला शिकवायचे. घराची किल्ली स्वयंसेवकाकडे राहणार नाही. जाण्याआधी फोन, आणि ‘आज नको’ म्हटले तर कारण न विचारता मागे. घरभेट शक्यतो दोघांनी. धर्मप्रसार नाही, पक्षाचा प्रचार नाही, आणि प्रार्थनेचे निमंत्रण तर मुळीच नाही, कारण ज्याच्या हातात घराचे भाडे आहे त्याचे निमंत्रण नाकारता येत नसते.

पैशाबाबत खरी चूक उधळपट्टीची नसते, ताब्याची असते. ‘एवढे महाग का घेतले?’ हे वाक्य तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी तोंडून निघतेच. पहिल्या महिन्याचा खर्च कुटुंबासमोर मांडा, ठरलेली रक्कम त्यांच्या खात्यात जाऊ द्या आणि पुढे चुकू द्या. एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम गटाने बाजूला ठेवलेली असेल तर ती चूक परवडते.

फोटोंचे धोके लोकांना पटवून द्यावे लागतात. मागे राहिलेल्या भावाला, आईला त्या फोटोमुळे त्रास होऊ शकतो. मुलाच्या गणवेशावरून शाळा कळते, खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीवरून पत्ता. संमती घेताना ‘नाही म्हटले तर काय बदलेल?’ याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असले पाहिजे आणि ते कुटुंबाला पटलेले असले पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत हे पटणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून त्या काळात प्रसिद्धीसाठी फोटो काढूच नयेत हा सोपा नियम. व्हॉट्सॲप गटात नाव, आजार, प्रकरणाचा क्रमांक, कागदाचा फोटो काहीही टाकायचे नाही. ‘घर क्रमांक दोन, गुरुवारी गाडी हवी’ एवढे पुरते.

पहिले तीन दिवस : तालीम करून बघा

चौथ्या वर्गाच्या शेवटी रिकाम्या घरात जाऊन एक तालीम करा. विमानतळावर किंवा स्थानकावर दोघे आणि दुभाषा, बस्स. फुगे, हार, बारा माणसे आणि कॅमेरा नको. दोन दिवस न झोपलेल्या माणसाला हसावे लागते. गाडीत सामानासह सगळे मावतात का, लहान मुलांची आसने आहेत का, हे आदल्या दिवशी बघा.

घरात पहिल्या तासात तीनच गोष्टी : आतून कडी कशी लागते, पाणी आणि शौचालय, आणि फोनला इंटरनेट. सुखरूप पोचलो हे घरच्यांना कळवणे जेवणाच्याही आधी येते. औषधे कोणाची चालू आहेत आणि किती दिवसांची उरली आहेत, हे त्याच दिवशी विचारायचे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यावर धावपळ होते. दुसऱ्या दिवशी शेगडी, गरम पाणी, धुराचा गजर, तातडीचा नंबर. प्रत्येक गोष्ट त्यांनी स्वतः हाताने करून बघायची, तुम्ही बाजूला उभे राहायचे. पण समोरचा अभियंता असू शकतो. शेगडी दाखवण्याआधी ‘ही पद्धत वापरलेली आहे का?’ असे विचारले तर दोघांचीही लाज राहते. पहिल्या आठवड्यात घरात दोनच चेहरे यावेत. चार ते सहा जणांच्या कुटुंबामागे आठ-दहा जणांचा गट लागतो खरा (कागद, आरोग्य, शाळा, भाषा, रोजगार, हिशेब, वाहन), पण बाकीच्यांची ओळख हळूहळू.

देणग्यांबद्दल एक वाक्य : कपड्यांचे आवाहन कधीही मोघम करू नका, नाहीतर जुन्या कपड्यांचा डोंगर उपसण्यात तीन माणसे अडकतात. मापांसह यादी द्या, अंतर्वस्त्रे नवीनच.

एखाद्या सभागृहात शंभर-दोनशे माणसे तात्पुरती ठेवण्याची वेळ आली तर आकडे पाठ असावेत. मदतकार्यासाठीच्या स्फिअर मानकांप्रमाणे माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, २० माणसांमागे एक शौचालय (अगदी सुरुवातीला ५० मागे एक) आणि सरासरी २,१०० किलोकॅलरी अन्न. स्त्रियांची शौचालये वेगळी, पुरुषांपेक्षा जास्त, आतून कडी आणि वाटेवर दिवा. कडी आणि दिवा याच दोन गोष्टी सर्रास राहून जातात.

पुढाऱ्यांचा वर्ग

तीन तासांचा एक वर्ग, आणि नंतर महिन्याला एक तास. त्यांना सहानुभूतीवर व्याख्यान नको आहे. अडचणीच्या प्रश्नाला उत्तर कसे द्यायचे ते शिकवा.

पहिले, मोठी जाहीर सभा आधी घेऊ नका. मोठ्या सभेत सर्वांत रागावलेला माणूस सूर ठरवतो, आणि एकदा चारचौघांत विरोध केलेल्याला माघार घेता येत नाही. त्याआधी आठ-दहा शेजाऱ्यांच्या लहान बैठका घ्या. प्रत्येक बैठकीत किती माणसे, कुठे राहणार, खर्च कोण करणार हे आकड्यांसह सांगा आणि जे अजून ठरलेले नाही ते ठरलेले नाही असेच सांगा. आश्वासक दिसण्यासाठी दिलेला चुकीचा आकडा पुढे वर्षभर अंगावर येतो.

दुसरे, जुन्या गरजूंची रांग. घरासाठी तीन वर्षे थांबलेल्या माणसाचा राग वर्णद्वेष म्हणून झटकू नये. शक्य तिथे सेवा सर्वांना खुली ठेवा : भाषेचा वर्ग, फर्निचरची मदत, आरोग्य तपासणी. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केलेल्या निर्वासितविषयक जागतिक करारातही आश्रय देणाऱ्या समाजाला आधार देण्यावर भर आहे, आणि तो परोपकार म्हणून नाही. त्याशिवाय दुसऱ्या वर्षी घर भाड्याने मिळत नाही.

तिसरे, अफवांची वही. तारीख, अफवा नेमक्या शब्दांत, कुठे ऐकली, उत्तर कोण देणार. २४ तासांच्या आत उत्तर. उत्तराची सुरुवात खऱ्या माहितीने करा. अफवाच मथळ्यात लिहून खाली ‘हे खोटे आहे’ म्हटले तर लोकांच्या लक्षात मथळा राहतो.

चौथे, शाळा, दवाखाना, पोलीस, गृहनिर्माण या प्रत्येक ठिकाणी एक ठरलेला माणूस आणि त्याचा बदली माणूस. बदल्या होतात, म्हणून यादीतले नंबर दर महिन्याला लावून बघा. पोलिसांशी पहिली ओळख शक्यतो साध्या कपड्यांत आणि घराबाहेर. गणवेशधारी माणसांपासून पळालेल्याच्या दारात गणवेश उभा करू नये. घरावर दगड पडला तर फोन कोण करणार, त्या रात्री कुटुंब कुठे झोपणार आणि पत्रकारांशी कोण बोलणार, हे लिहून ठेवा. आणि कोणत्याही उद्घाटनाला, सत्काराला, निवडणुकीच्या सभेला कुटुंबाला नेऊ नका. हे सांगताना वर्गात थोडी शांतता पसरते. पसरू द्यावी.

पाचवा आणि सहावा वर्ग

तिसऱ्या आठवड्यात स्वयंसेवक थकलेले असतात, त्यांच्या फोनला रात्री-अपरात्री मेसेज येत असतात. या वर्गात प्रत्येकाने आठवड्याचे तास मोजून आणावेत. सहा-सात तासांच्या वर सातत्याने जाणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतो, आणि त्याच सुमारास कुटुंबाचाही पहिला आधार ओसरून वास्तव बोचू लागते. दोन्ही एकाच वेळी घडले की नाते तुटते. फोनच्या वेळा ठरवा, आळीपाळीने तातडीचा एकच नंबर ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक तास जोडीजोडीने बसून बोला, आणि त्यात अनुभवी माणूस हवा. स्वप्ने पडणे, चिडचिड, ‘माझ्याशिवाय यांचे काही होणार नाही’ असे वाटणे ही थकव्याची लक्षणे आहेत. तिसरे लक्षण सर्वांत उशिरा ओळखू येते, कारण ते सद्गुणासारखे दिसते.

आठव्या आठवड्यात निरोपाचा आराखडा. कॅनडात १९७९ पासून नागरिकांचे गट निर्वासितांना प्रायोजित करतात. पाच जणांच्या गटांनीही ते केले आहे, आणि बांधिलकी साधारण बारा महिन्यांची असते. ही शेवटची तारीख सुरुवातीपासून सर्वांना माहीत असते, त्याचा फार फायदा होतो. तुमच्या योजनेला मुदत नसेल तर स्वतः घाला. मग एक तक्ता : बस, दवाखान्याची वेळ घेणे, शाळेतली पालकसभा, वीजबिल, सरकारी कार्यालय. प्रत्येक कामापुढे चार पायऱ्या : स्वयंसेवक करतो; दोघे मिळून करतात; कुटुंब करते आणि स्वयंसेवक फोनवर असतो; कुटुंब एकटे करते. दर महिन्याला एक तरी काम एक पायरी पुढे सरकले पाहिजे. सरकत नसेल तर आधी स्वयंसेवकाकडे बघा, कारण बऱ्याचदा त्यालाच ते काम सोडवत नाही. ‘माझ्याने पटकन होते’ हे त्याचे कारण खरेही असते.

प्रशिक्षण बसले की नाही हे वर्गानंतरच्या अभिप्राय-पत्रकांवरून कळत नाही; तिथे सगळे ‘उत्तम’ लिहितात. तिसऱ्या महिन्याअखेर चार गोष्टी तपासा. दवाखान्याला फोन कोणी लावला? गेल्या महिन्यातल्या किती भेटींना कुटुंब एकटे गेले? सुरुवातीच्या स्वयंसेवकांपैकी किती टिकले? आणि गटाबाहेरच्या त्या माणसाकडे किती तक्रारी आल्या? तीन महिन्यांत एकही नसेल तर तक्रारीचा कागद कुटुंबाच्या हातात खरेच पडला का, त्यांच्या भाषेत होता का आणि फोन कोण उचलते, हे दुभाष्याला घेऊन स्वतः बघून या.